पडद्यावरची जागा कोणी ठरवायची?

(वाशिम येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या भागातल्या अनेक मुलांना गणित शिकवलं. त्यांच्या नावानं भरणाऱ्या सभेत संगणकाच्या पडद्याबद्दल बोलायची संधी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. विषय लहान आहे, पण तुमच्या-माझ्या रोजच्या कामातला आहे.

संगणकावर एखादा प्रोग्रॅम उघडला की एक विंडो समोर येते. तिच्यात नाव लिहायची चौकट असते, गावांची यादी असते, खाली दोन-चार बटणं असतात. ही बटणं कुठे बसणार, किती रुंद होणार, विंडो मोठी केली तर त्यांनी काय करायचं, हे सगळं कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. या मांडणीला प्रोग्रॅमर लेआउट म्हणतात, आणि मांडणीचं काम प्रोग्रॅममधल्या ज्या भागाकडे सोपवतात त्याला लेआउट मॅनेजर. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

इथे तलाठी बसले आहेत, ग्रामसेवक आहेत, सेतू केंद्र चालवणारे आहेत, पतसंस्थांत काम करणारे आहेत. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. ‘जतन करा’ असं लिहिलेल्या बटणावर ‘जतन क’ एवढंच दिसतं. यादीत मंगरूळपीरचा शेवटचा ‘र’ कडेला अर्धा कापला जातो. वेलांटीचा माथा छाटलेला असतो, उकार चौकटीच्या खाली गडप झालेला असतो. आपण अंदाजानं वाचतो आणि पुढे जातो. विचारलं तर उत्तर मिळतं की मराठीचा फॉण्ट नीट नाही, किंवा मराठी शब्द लांब असतात. दोन्ही उत्तरं मला मान्य नाहीत. अक्षर छाटलं जातं, कारण मराठी शब्द तिथे येण्याच्या आधीच कुणीतरी त्याची जागा मोजून बंद करून ठेवलेली असते. हा दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा आहे आणि तो सुधारता येतो. सुधारण्याचं हत्यारही फार वर्षांपासून आपल्या हाताशी आहे.

सर्वांत सोपी वाटणारी पद्धत म्हणजे प्रत्येक वस्तूची जागा आकड्यांनी नेमून टाकणं. डावीकडून १२० पिक्सेल, वरून ८०, रुंदी ७५, उंची २३. हे ७५ आणि २३ मी मनाचे घेतलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समध्ये नवं बटण फॉर्मवर टाकलं की ते मुळात एवढंच येतं. ‘ओके’ किंवा ‘कॅन्सल’ हे शब्द इंग्रजी लिपीत त्यात ऐसपैस बसतात. ‘अर्ज रद्द करा’ बसवायला गेलं की ओढाताण सुरू होते, आणि वाचता यावं म्हणून अक्षर जरा मोठं केलं की संपलंच.

ही पद्धत रुजली ती १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमुळे. माऊसनं बटण उचलायचं, फॉर्मवर ठेवायचं, दोनदा क्लिक करून कोड लिहायचा. हजारो लोक त्यामुळे प्रोग्रॅमर झाले, आणि त्या साधनाचे उपकार मी मानतो. त्यात जागा ट्विपमध्ये मोजत, एका इंचाचे १४४० ट्विप. एवढं बारीक माप हाती आलं की माणसाला वाटतं, आपण अगदी नेमकं काम करतोय. पण ते नेमकेपण एकाच संगणकापुरतं असतं, तो म्हणजे लिहिणाऱ्याचा. त्याच्या पडद्याला, त्याच्या फॉण्टला आणि त्याच्या भाषेला ती मापं बरोबर असतात. प्रोग्रॅम दुसऱ्या टेबलावर गेला की आकडे तेच राहतात आणि बाकी सगळं बदलतं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा झाला. त्याच वर्षी व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती आली आणि डिसेंबरात जावा या भाषेची १.२ आवृत्ती विंडो बांधायच्या स्विंग नावाच्या संचासह आली. एका साधनात जागा नेमून देण्याचा रिवाज होता, दुसऱ्यात मांडणी सोपवून देण्याचा. आपल्याकडच्या क्लासेसमधून पहिला जास्त शिकवला गेला. कारण समजण्यासारखं आहे: तो डोळ्यांना दिसतो आणि तासाभरात फळ देतो. दुसऱ्यात सुरुवातीला डोकं लावावं लागतं.

हा दुसरा मार्ग समजावायला मला शेताकडेच जावं लागेल. सोयाबीन पेरताना आपण प्रत्येक झाडाची जागा नेमत नाही. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन झाडांत ५ सेंटिमीटर, एवढं ठरवतो. वावर एकराचं असो की सहा एकरांचं, ओळी धुऱ्यापर्यंत आपोआप बसत जातात. तुरीचं आंतरपीक घ्यायचं असेल तर सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, असं प्रमाण धरतो. वावर रुंद असेल तर दोन्ही पिकं वाढतात, प्रमाण तेच राहतं. लेआउट मॅनेजरला आपण हेच सांगायचं असतं: कोण कोणाच्या शेजारी, मध्ये अंतर किती, आणि जास्तीची जागा मिळाली तर ती कोणत्या प्रमाणात वाटायची. मोजणी तो करतो. ती तो प्रत्येक वेळी नव्यानं करतो, समोर असलेल्या पडद्यावर, समोर असलेल्या अक्षरांवर.

ही मोजणी दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत विंडो आपल्या आतल्या प्रत्येक घटकाला विचारते, तुला किती जागा लागेल? तो घटक स्वतःच इतर घटक ठेवणारा डबा असेल तर तो आपल्या आतल्यांना विचारतो. असं करत प्रश्न अगदी आतल्या लेबलापर्यंत जातो. ते लेबल आपला मजकूर आपल्या फॉण्टमध्ये मोजतं. स्विंगमध्ये प्रत्येक घटक तीन उत्तरं देऊ शकतो: कमीत कमी किती, मनाजोगतं किती आणि जास्तीत जास्त किती. दुसऱ्या फेरीत वाटप वरून खाली होतं. विंडोकडे जेवढी जागा खरोखर आहे तेवढी ती डब्यांना देते, डबे आतल्यांना देतात. ‘पॅक’ नावाची एक छोटी आज्ञा आहे. ती दिली की विंडोच आपला आकार आतल्या सगळ्यांच्या मनाजोगत्या मापावरून ठरवते.

लेबल मजकूर मोजतं, हा भाग मराठीच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा आहे. रोमन अक्षरं एका पायारेषेवर उभी असतात, थोडी वर जातात, थोडी खाली उतरतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार चढतात, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय उतरतात. ‘कर्तृत्व’ किंवा ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द घ्या आणि त्याला वर-खाली किती मोकळी जागा लागते ते पाहा. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल फॉण्ट असो की विंडोज ८ बरोबर आलेला निर्मला, त्यांच्या ओळीची उंची त्याच पॉइंटच्या रोमन ओळीपेक्षा सहसा जास्त असते, आणि ती तशीच असायला हवी. फॉण्ट ही उंची प्रामाणिकपणे सांगतो. लेआउट मॅनेजर ती ऐकून घेतो. उंची २३ असं लिहून ठेवणारा प्रोग्रॅमर ऐकत नाही. छाटलेल्या वेलांटीची सगळी गोष्ट एवढीच आहे.

या कल्पनेचं मूळ छपाईत आहे, हे मला फार आवडतं. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ च्या सुमारास गणिताची पुस्तकं देखणी छापली जावीत म्हणून टेक नावाची प्रणाली लिहिली. त्यात प्रत्येक अक्षर म्हणजे एक पेटी, आणि दोन पेट्यांच्या मध्ये एक लवचिक जागा. तिचं एक स्वाभाविक माप, ती किती ताणता येते त्याचं एक आणि किती आवळता येते त्याचं एक. पुढे स्टॅनफर्डमध्ये मार्क लिंटन, जॉन व्लिसिडीस आणि पॉल कॅल्डर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरव्ह्यूज नावाचा संच केला आणि ही पेट्यांची कल्पना बटणांना लावली. जॉन औस्टरहाउट यांच्या टीके या संचात ‘पॅक’ करण्याची रीत आली. जावा १९९६ साली बाहेर पडली तेव्हा लेआउट मॅनेजर तिच्यात पहिल्या दिवसापासून होते. कारण उघड होतं: जावाचा प्रोग्रॅम विंडोजवर, मॅकवर आणि सन कंपनीच्या यंत्रांवर एकसारखा चालायला हवा होता, आणि तिन्हीकडची बटणं वेगवेगळ्या मापाची होती. त्यातल्या ग्रिडबॅगलेआउट या सर्वांत ताकदवान आणि सर्वांत बदनाम मॅनेजरच्या मूळ कोडात डग स्टाइन आणि बिल स्पिट्झॅक यांची नावं आहेत. जावाच्याही आधीच्या, सनच्या न्यूज या विंडो प्रणालीवर स्पिट्झॅक यांनी तो पहिल्यांदा लिहिला, अशी नोंद तिथेच केलेली आहे.

आता आपण एक विंडो बांधून पाहू. आपल्या सगळ्यांना ओळखीचा कागद घेऊ, सातबारा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात मिळू लागला. मी त्या सरकारी प्रणालीबद्दल बोलत नाही. विद्यार्थ्यांना शिकवायला म्हणून, सातबारा दाखवणारी एक साधी विंडो आपण आपली लिहू.

वर चार गोष्टी निवडायच्या: जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक. मध्ये भोगवटादारांची यादी. खाली बटणं. यासाठी बॉर्डरलेआउट पुरतो. तो विंडोचे पाच भाग करतो, चार कडा आणि एक मध्य. वरच्या आणि खालच्या भागाला तो त्यांची हवी ती उंची देतो आणि रुंदी पूर्ण ताणतो. बाजूच्या दोघांना रुंदी त्यांची, उंची पूर्ण. जे उरेल ते सगळं मध्याला. भोगवटादारांची यादी मध्ये का ठेवायची, तर ती किती लांब होईल हे कुणालाच सांगता येत नाही. एका गटाला एकच मालक असतो, दुसऱ्याला वारस लागून लागून वीस-तीस नावं होतात. म्हणून यादीला सरकपट्टी द्यायची आणि मध्यात बसवायची. विंडो मोठी केली की वाढलेली सगळी जागा नावांना मिळते. माणूस विंडो मोठी करतो ती नावं वाचायलाच. बटण तीनपट रुंद झालं तर त्याचा कुणाला काय उपयोग?

वरच्या चार निवडींसाठी ग्रिडबॅगलेआउट घेऊ. डावीकडच्या स्तंभात लेबलं, उजवीकडे चौकटी. लेबलांच्या स्तंभाला वजन शून्य, चौकटींच्या स्तंभाला एक. म्हणजे जादा रुंदी सगळी चौकटींना जाईल. लेबलांचा स्तंभ सर्वांत लांब लेबलाएवढाच होईल, मग ते ‘गाव’ असो की ‘गट क्रमांक व उपविभाग’. या मॅनेजरला लोक घाबरतात त्याचं एक ठरलेलं कारण आहे. सगळ्यांचं वजन मुळात शून्य असतं. ते तसंच सोडलं की सगळे घटक विंडोच्या मधोमध गोळा होऊन बसतात आणि विद्यार्थी हताश होऊन पुन्हा आकडे नेमायला लागतो. वजन द्या, गोळा सुटतो. दुसरी खोडी याहून वाईट आहे: विंडो हव्या त्या मापापेक्षा जराशी जरी लहान झाली तरी हा मॅनेजर घटकांना एकदम कमीत कमी मापावर आणतो, आणि लिहायची चौकट काडीएवढी होते. त्यावर उपाय म्हणजे चौकटीला किमान माप शहाणपणानं देणं आणि विंडोला एका मर्यादेखाली लहान होऊ न देणं.

तालुक्याची यादी घ्या. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. स्विंगमधली निवडयादी आपली रुंदी सर्वांत लांब नावावरून ठरवते, म्हणजे इथे मंगरूळपीरवरून. आपण काहीच करायचं नाही, फक्त तिच्या मध्ये यायचं नाही. गावांच्या यादीत शेकडो नावं असतील तर प्रत्येक नाव मोजण्यात वेळ जातो, म्हणून नमुना म्हणून एक लांब नाव द्यायची सोय आहे. मात्र तो नमुना मराठीत द्या. इंग्रजी स्पेलिंगचा नमुना देऊन यादी मराठीत भरली की माप पुन्हा चुकतं. लिहायच्या चौकटीचंही तसंच. तिला आपण ‘वीस स्तंभ’ असं सांगतो, आणि ती एक स्तंभ म्हणजे रोमन ‘एम’ या अक्षराची रुंदी धरते. मराठीत अक्षरांच्या रुंदीचा असा मेळ बसत नाही. ‘ज्ञ’ आणि ‘र’ यांच्यात केवढा फरक आहे! म्हणून आकड्यावर विसंबू नका, चौकटीला ताणायची मुभा द्या.

खालच्या बटणांत दोन सापळे आहेत. फ्लोलेआउट बटणं एका ओळीत मांडतो आणि जागा संपली की उरलेली दुसऱ्या ओळीत टाकतो. पण उंची सांगताना तो एकाच ओळीची सांगतो. इंग्रजी बटणं एका ओळीत मावत होती म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मराठी झाल्यावर शेवटचं बटण दुसऱ्या ओळीत जातं आणि विंडोच्या काठाखाली नाहीसं होतं. पुष्कळदा ते शेवटचं बटण ‘छापा’ असतं, आणि माणूस विचारत बसतो की प्रिंट कुठून काढायची! दुसरा सापळा ग्रिडलेआउटचा. तो सगळे चौकोन समान करतो, म्हणजे सर्वांत मोठ्याएवढे. एका बटणावर ‘फेरफार नोंदवहीची प्रत काढा’ असं लिहिलं की शेजारचं ‘बंद करा’ही तेवढंच ऐसपैस होतं. अशा वेळी बॉक्सलेआउट बरा, तो ज्याला त्याला त्याचं माप ठेवू देतो.

मजकूर कसा बदलतो आणि कधी बदलतो, हे आपल्या हातात नसतं. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. २०२३ साली औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. एक नाव दुपटीहून लांब झालं, एक आखूड. ज्या प्रोग्रॅममध्ये जिल्ह्याच्या चौकटीची रुंदी नेमून दिलेली होती, तिथे कुणीतरी बसून प्रत्येक फॉर्म उघडून ती चौकट ओढून रुंद करणार, मग तिच्या शेजारची वस्तू सरकवणार, मग त्याच्याही शेजारची. जिथे मांडणी मॅनेजरकडे होती तिथे डेटाबेसमधलं नाव बदललं आणि काम झालं.

जागा आधी माहीत असणं ही चैन जुन्या कारागिरांना होती. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा वाशिम ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. कोरणाऱ्यानं एकाच ताम्रपटात दोन भाषा नांदवल्या, पण पत्रा त्याच्या हातात होता. तो किती लांब-रुंद आहे हे बघून त्याला अक्षर लहान-मोठं करता येत होतं. आपण ज्या पडद्यासाठी लिहितो तो आपल्या हातात नसतो. तो कारंज्याच्या एखाद्या केंद्रातला जुना १०२४ बाय ७६८ चा असेल, नाहीतर १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप असेल, आणि चाळिशी लागलेल्या कारकुनानं त्यावर अक्षरं १२५ टक्के करून घेतलेली असतील. हा शेवटचा मुद्दा मी हलका धरत नाही. मोठ्या अक्षराची गरज असलेल्या माणसाला मोठं अक्षर मिळालंच पाहिजे. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून म्हटलेलं आहे की मजकूर दुप्पट केला तरी काही हरवता कामा नये. डेस्कटॉपच्या प्रोग्रॅमला वेगळा न्याय लावायचं कारण मला दिसत नाही.

आता आणखी एका भाषेबद्दल बोलू. आपल्या जिल्ह्यात मंगरूळपीरला, कारंज्याला, इतरही गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. उर्दू उजवीकडून सुरू होते. उर्दू वाचणाऱ्या मुलासाठी लेबल उजवीकडे आणि लिहायची चौकट त्याच्या डावीकडे असली पाहिजे, म्हणजे सगळी विंडोच उलटी. जागा आकड्यांनी नेमलेली असेल तर हे नवं सॉफ्टवेअर लिहिण्याइतकं काम होतं. बॉर्डरलेआउटमध्येही ‘पश्चिम’ म्हटलं की घटक कायम डावीकडेच राहतो. म्हणूनच जावाच्या १.४ आवृत्तीत, २००२ साली, ‘ओळीची सुरुवात’ आणि ‘ओळीचा शेवट’ अशी नावं आली. बाजूचं नाव घेण्याऐवजी वाचनाचा क्रम सांगा, आणि मग एका आज्ञेनं सगळ्या विंडोची दिशा बदलता येते. तीच मांडणी मराठीला डावीकडून आणि उर्दूला उजवीकडून उलगडते. शाळेसाठी हजेरीचा किंवा निकालाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्या दिवशी करावं, कारण नंतर ते कुणीच करत नाही. पोहरादेवीच्या परिसरात बोलली जाणारी गोरमाटी आपण देवनागरीत लिहितो. तिच्यात एखादा प्रोग्रॅम आणायचा ठरला तर मराठीसाठी मोकळी ठेवलेली मांडणी तिलाही पुरेल.

मोठ्या प्रमाणावर हे घडल्याचं उदाहरण म्हणजे लिबरऑफिस. तो मोफत ऑफिस संच मराठीतही मिळतो. २०१० साली तो ओपनऑफिसपासून वेगळा झाला तेव्हा वारशात शेकडो डायलॉग आले, आणि त्यांतल्या प्रत्येक वस्तूची जागा आकड्यांत लिहिलेली होती. अनुवादकाला शब्द निवडताना अर्थाच्या आधी लांबी बघावी लागे. रेड हॅटमधल्या केलन मॅक्नमारा यांनी हे बदलायला घेतलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत नव्या मांडणीचे पहिले डायलॉग आले, आणि पुढच्या काही वर्षांत स्वयंसेवकांच्या मदतीनं बाकीचे एकेक करून बदलले गेले. काम कंटाळवाणं होतं. कुठलंही नवं फीचर त्यातून मिळालं नाही, जाहिरातीत दाखवण्यासारखं काही नव्हतं. पण त्यानंतर अनुवादकाला शब्द आखूड करायची सक्ती उरली नाही. जगभरच्या लहानमोठ्या भाषांवर झालेला हा उपकार आहे असं मी मानतो, आणि तो मराठीवरही आहे.

कुणी म्हणेल, आता ओढून-ठेवायची साधनंही हुशार झाली आहेत. खरं आहे. नेटबीन्समध्ये मॅटिस हे साधन आलं आणि जावाच्या सहाव्या आवृत्तीत, २००६ साली, त्यासाठीचा ग्रुपलेआउट आला. वस्तू कडेजवळ नेली की साधन स्वतःच नातं ओळखतं. वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलन बॉर्निंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅसोवरी ही समीकरणं सोडवण्याची रीत काढली. ‘या बटणाची डावी कड त्या लेबलाच्या उजव्या कडेपासून आठ पिक्सेलवर’ अशी विधानं द्यायची आणि उत्तर ती शोधते. ॲपलनं २०११ साली मॅकच्या लायन आवृत्तीत ती उचलली. गणित शिकवणाऱ्यांना सांगायला हवं की ही रेषीय समीकरणं आणि असमानता आहेत, अकरावी-बारावीच्या मुलाला कळतील अशी. ‘हे कशाला शिकायचं?’ असं वर्गात विचारणाऱ्या मुलाला दाखवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. फोनवरचे अॅप लिहिणाऱ्यांना पडद्यांची विविधता पहिल्या दिवशीच भेटते, म्हणून ते आपसूक नात्यांची भाषा शिकतात. डेस्कटॉपवर लिहिणाऱ्याला ‘माझ्याकडे तर नीट दिसतं’ असं म्हणायची सोय अजून आहे, आणि कार्यालयांतली बहुतेक कामं आजही डेस्कटॉपसमोर बसूनच होतात.

वाशिम जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. आपल्या मुलांना पुण्या-मुंबईला नोकऱ्या लागाव्यात असं आपण म्हणतो, ते योग्यच. पण इथल्या बाजार समितीचा, सूतगिरणीचा, पतसंस्थेचा, शाळेचा प्रोग्रॅमही कुणीतरी लिहितच असतं, आणि तो वापरणारी माणसं मराठी वाचणारी आहेत. तो इथल्या मुलांनी लिहिला तर त्यांना चाचणीसाठी दूर जावं लागणार नाही. शेजारचा कारकून हाच परीक्षक.

इथल्या तंत्रनिकेतनात आणि महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं असं आहे. कोडात कुठेही जागा आकड्यांनी नेमू नका. प्रोग्रॅम पहिल्यापासून मराठी लेबलांनी लिहा, इंग्रजीत लिहून शेवटी अनुवाद चिकटवू नका. अक्षर दीडपट करून पाहा, विंडो निम्मी करून पाहा, जिल्ह्याच्या यादीत छत्रपती संभाजीनगर निवडून पाहा, आणि भोगवटादारांच्या यादीत तीस नावं भरून पाहा. एकही वेलांटी छाटली गेली तर ती चूक म्हणून नोंदवा आणि दुरुस्त झाल्याशिवाय प्रोग्रॅम कुणाच्या हाती देऊ नका. आणि जे सॉफ्टवेअर विकत घेतात त्या कार्यालयांना, पतसंस्थांना आणि शाळांना माझी विनंती आहे की मागणीपत्रातच अट घाला: मराठी मजकूर, १५० टक्के अक्षर, जुना लहान पडदा, या तिन्हींवर प्रत्येक विंडो पूर्ण दिसली पाहिजे. पैसे देण्याआधी स्वतः बसून ते तपासा.